राजीनामा नको, छाटणीचं पत्र मागा

वाचकाचं पत्र

मी हिंजवडीला एका आयटी कंपनीत टेस्ट लीड आहे. नोकरीला नऊ वर्षं आठ महिने झाले. ग्रॉस पगार 1,30,000, त्यात बेसिक 65,000. प्रोजेक्ट संपल्यापासून पाच आठवडे बेंचवर, म्हणजे नव्या कामाशिवाय बसून आहे. एचआरनं मीटिंगला बोलावून सांगितलं, "उद्या सहापर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका, तीन महिन्यांचा पगार देऊ. नाहीतर टर्मिनेट करावं लागेल, मग पुढच्या नोकरीच्या वेळी व्हेरिफिकेशनला अडचण येते." मी टाकला नाही. आता महिनाअखेरची मुदत दिली आहे. आमच्या चौदाजणांच्या टीममधून पाचजणांना असंच बोलावलं. एक सहकारी म्हणतो, सीईओला मेल करू आणि सगळ्या कंपनीला कॉपी ठेवू. दुसरा म्हणतो, सगळे मिळून एक दिवस रजा टाकू. नवरा म्हणतो, घराचा 48,000 चा हप्ता आहे, मिळेल ते घे आणि शांतपणे बाहेर पड. कंपनीच्या आरोग्य विम्यात सासूबाई आहेत. आम्ही विरोध करावा का?

उत्तर

पहिली मुदत टळली आणि कंपनीनं ती वाढवून दिली. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तुम्हाला काढणं कंपनीला खरंच सोपं असतं, तर त्याच संध्याकाळी सेवासमाप्तीचं पत्र आलं असतं. ते आलं नाही, कारण 'मी स्वतःहून जाते आहे' हे कंपनीला तुमच्या हातून लिहून हवं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. तेव्हा विरोध जरूर करा, पण या एका वाक्याला करा. कंपनीनं माणसं कमी करावीत की नाही, हा वाद तुम्ही पाचजण जिंकण्याची शक्यता फार कमी आहे. तुम्ही कुठल्या शब्दांत, किती पैसे घेऊन आणि कुठल्या तारखेला बाहेर पडता, हे मात्र बरंचसं तुमच्या हातात आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्याआधी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता. छाटणीचा गाभा दोन्हींत सारखाच आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं असेल तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते आणि सरकारला कळवावं लागतं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची नऊ वर्षं आठ महिने दहा वर्षं मोजली जातात. नव्या संहितेनं एक भर घातली आहे: छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं 15 दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत (नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या) भरायचं आणि ते 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं.

राजीनामा दिलात की यातलं काहीच लागू होत नाही. राजीनामा ही छाटणी नव्हे.

आता तुमचे आकडे. 'तीन महिन्यांचा पगार' म्हणजे 3,90,000 रुपये. पण नेमणूकपत्र काढून नोटीस पीरियडचं कलम वाचा. तिथे 90 दिवस आणि दोन्ही बाजूंना लागू असं लिहिलं असेल, आणि आयटी कंपन्यांत बहुधा तसंच असतं, तर कंपनी तुमचेच नोटिशीचे पैसे पॅकेज म्हणून पुढे करते आहे. वर एक रुपयाही देत नाही. छाटणी झाली तर त्या 3,90,000 शिवाय भरपाई मिळते: बेसिकचा निम्मा म्हणजे 32,500 गुणिले दहा, 3,25,000. निधीचे आणखी 32,500. एकूण 7,47,500. नव्या संहितेत 'वेतना'ची व्याख्या बेसिक आणि महागाई भत्त्याभोवती आहे आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरतात. तुमचा बेसिक बरोबर निम्मा असल्यामुळे मी 65,000 च धरले.

ग्रॅच्युइटी यापासून वेगळी ठेवा. 65,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 10, म्हणजे 3,75,000. ती राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते, आणि 30 दिवसांत द्यावी लागते. एचआरच्या कागदावर एकूण रकमेत ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळवून आकडा फुगवलेला दिसला तर आधी ते दोन्ही वजा करा आणि मग पॅकेजकडे पाहा. करातही फरक पडतो. कामगाराला मिळालेली छाटणीची भरपाई कायद्याच्या सूत्रानुसार 5 लाखांच्या मर्यादेत करमुक्त आहे. राजीनाम्यानंतरच्या 'सानुग्रह' रकमेवर पगारासारखाच कर कापला जातो.

इथे एचआर हमखास म्हणेल, "तुम्ही कामगार नाहीच, तुम्ही लीड आहात." सव्वा लाखाच्या वर पगार असणाऱ्याला हे पटतंही, कारण कामगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भोसरीच्या कारखान्यातला माणूस येतो. कायदा पदनाम बघत नाही, मुख्य काम काय ते बघतो. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा माणूस कितीही पगारावर कामगारच असतो. 18,000 रुपयांची मर्यादा आहे ती फक्त पर्यवेक्षकाचं काम करणाऱ्यांसाठी. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे मात्र पगार कितीही असला तरी बाहेर. म्हणून स्वतःला चार प्रश्न विचारा. रजा मंजूर करण्याचा शेवटचा अधिकार तुमचा होता का? अप्रेझलचं रेटिंग तुम्ही ठरवत होता की नुसतं मत देत होता? कुणाला नोकरीवर घेण्याचा वा काढण्याचा निर्णय तुमचा होता का? दिवसातला बहुतेक वेळ टेस्ट केसेस लिहिण्यात आणि चालवण्यात जात होता का? पहिल्या तिन्हींना नाही आणि चौथ्याला हो असेल तर तुमची बाजू चांगली भक्कम आहे. चेन्नईच्या कामगार न्यायालयानं 2022 मध्ये टीसीएसच्या एका अभियंत्याला कामगार ठरवून परत कामावर घ्यायला सांगितलं. त्याला काढलं होतं 2015 मध्ये. दोन्ही वर्षं लक्षात ठेवा: हक्क खरा आहे, पण कोर्टातून तो मिळवायला सात वर्षं लागू शकतात. म्हणूनच सगळा जोर कोर्टाच्या आधीच्या टप्प्यावर लावायचा.

पहिलं काम आजच करा. त्या बैठकीची नोंद मेलनं एचआरला पाठवा. कंपनीच्या मेलवरून, स्वतःच्या खासगी आयडीला कॉपी ठेवून. इंग्रजीत लिहा, पण मजकूर इतकाच: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक दोन व्यक्तींबरोबर झालेल्या बैठकीत मला पोर्टलवर राजीनामा टाकायला सांगण्यात आलं आणि न टाकल्यास सेवा संपवू असं सांगितलं गेलं. मला राजीनामा द्यायचा नाही. मी रोज हजर आहे आणि माझ्या कौशल्याला बसेल ते काम घ्यायला तयार आहे. माझं पद कमी केलं जात असेल तर कारण, तारीख आणि सर्व देय रकमांचा तपशील लेखी द्यावा. बस. अन्याय, विश्वासघात, दहा वर्षांची निष्ठा यातलं काही लिहू नका. हा मेल पुढे कामगार खात्याचा समेट अधिकारी, म्हणजे तडजोड घडवणारा, वाचणार आहे आणि त्याला तारीख, वेळ, वाक्यं हवी असतात. उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. नाकारलं गेलं नाही, हेच कामी येतं.

पोर्टलचं एक सांगते. एक्झिटचा टॅब उघडला की कारणांची यादी येते: 'वैयक्तिक', 'अधिक चांगली संधी', 'उच्च शिक्षण'. 'कंपनीनं सांगितलं म्हणून' हा पर्याय त्यात नसतो. यादीतलं काहीही निवडलंत की तुमच्या लॉगिननं, तारीख-वेळेसह, तुमच्याविरुद्धचा पुरावा तयार होतो. त्यामुळे 'आत्ता टाका, नंतर बघू' या सल्ल्यावर तो टॅब उघडूही नका. पाचजणांपैकी कुणी आधीच टाकला असेल, तर त्यानं आजच्या आज मेल करून तो मागे घ्यावा आणि दबावाखाली दिल्याचं त्यात स्पष्ट लिहावं. स्वीकारल्याचं कळवलं जाण्याआधी राजीनामा मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये हेच मान्य करून त्याला कामावर परत घ्यायला लावलं. इथे दोन दिवसांची दिरंगाईसुद्धा महागात पडते.

मग कागद गोळा करा. नेमणूकपत्र, पगारवाढीची सगळी पत्रं, शेवटच्या बारा महिन्यांच्या पेस्लिप, फॉर्म 16, अप्रेझलची रेटिंग, बेंचवर टाकल्याचा मेल, एचआरच्या मीटिंगचं निमंत्रण, रजेची शिल्लक दाखवणारा स्क्रीन. हे सगळं तुमच्या नोकरीचं आहे, ठेवायला हरकत नाही. क्लायंटचा एकही कागद, एकही टेस्ट रिपोर्ट, कोडचा एकही तुकडा खासगी मेलवर पाठवू नका. ही चूक अगदी हुशार माणसं घाबरून करतात आणि कंपनीच्या हाती आयतं कोलीत देतात: छाटणीचं प्रकरण एका मेलनं गैरवर्तनाचं होतं. लॅपटॉपचा ॲक्सेस एखाद्या बैठकीत बसलेलं असतानाच बंद होतो, म्हणून हे काम पुढच्या बैठकीच्या आधी उरका.

रोज ऑफिसला जा आणि कार्ड स्वाइप करा. घरून काम असेल तर रोज लॉगिन करून मॅनेजरला एक ओळ टाका की मी उपलब्ध आहे. बेंचवर काही काम नाही म्हणून लोक जायचं सोडतात आणि पंधरवड्यानं 'अनधिकृत गैरहजेरी'चं पत्र येतं. दुसऱ्या प्रोजेक्टच्या अंतर्गत मुलाखती येतील त्या सगळ्या द्या, न आवडणाऱ्यासुद्धा. एखादी नाकारलीत तर 'हिनंच काम नाकारलं' असं नोंदलं जातं. अचानक पीआयपीचा, म्हणजे 'कामगिरी सुधारा' योजनेचा, कागद पुढे आला तर 'मिळाला, मजकूर मान्य नाही' असं लिहून तारीख घालून सही करा आणि मागच्या दोन-तीन वर्षांची रेटिंग मेलनं त्याला जोडा.

पुढच्या बैठकीला दोनच वाक्यं न्या: "हे मला लेखी द्या" आणि "मी वाचून उत्तर देते". तिथल्या तिथे कशावरही सही नको. कितीही वेळा विचारलं तरी ही दोनच. एचआरची माणसं वाईट असतात असं नाही, पण त्यांच्यापुढे यादी असते आणि त्या दिवशी किती नावं मिटवली याचा हिशेब त्यांना द्यायचा असतो. रेकॉर्डिंगबद्दल बरेचजण विचारतात. 2017 साली टेक महिंद्राच्या एचआरनं एका कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्यायला सांगितलेलं संभाषण बाहेर आलं आणि आनंद महिंद्रांना जाहीर माफी मागावी लागली. पण बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात परवानगीशिवाय रेकॉर्डिंगला मनाई असते, आणि तुम्ही ते समाजमाध्यमावर टाकलंत तर तडजोडीचं दार बंद होतं. माझं मत असं की बैठकीनंतर तासाभरात पाठवलेला नोंदीचा मेल जास्त उपयोगी पडतो.

आता तुमच्या दोन सहकाऱ्यांच्या सूचना. सामूहिक रजेचा विचार आजच सोडून द्या. नव्या संहितेत ठरवून घेतलेली रजा, निम्मे किंवा जास्त कामगार त्या दिवशी गैरहजर राहिले तर, संपच धरली जाते, आणि संपाला किमान 14 दिवसांची नोटीस लागते. चौदातल्या पाचजणांनी घेतली तर ती संपाच्या व्याख्येत बसणारही नाही, पण शिस्तभंगाचं निमित्त मिळेल आणि कंपनीचं एक तासाचंही नुकसान होणार नाही, कारण तुम्ही बेंचवर आहात. सगळ्या कंपनीला कॉपी ठेवून मेल हाही तसाच: दोन तास चर्चा होते, पाठवणाऱ्याचं लॉगिन बंद होतं आणि विषय मेलच्या भाषेवर जातो.

पण पाचजणांनी एकत्र राहणं ही तुमची खरी ताकद आहे. प्रत्येकाला वेगवेगळ्या खोलीत वेगळा आकडा सांगतात, हेच या पद्धतीचं मर्म. तेव्हा आधी आकडे एकमेकांना सांगा. ऑफिसच्या टीम्स चॅटवर नाही, खासगी फोनवर. आणि व्हॉट्सॲपवर मॅनेजरची टिंगल नको, कारण स्क्रीनशॉट फिरतो. मग एचआर प्रमुखांना पाचजणांच्या सह्यांचं एक पत्र द्या, नावं आडनावांच्या क्रमानं, म्हणजे कुणी एक म्होरक्या ठरत नाही. मागण्या कमी आणि उत्तर देणं भाग पडेल अशा ठेवा. कमी करण्याचे निकष काय? आमच्या श्रेणीतली सेवाज्येष्ठतेची यादी द्या, कारण कायद्याचा सर्वसाधारण नियम शेवटी आलेला आधी जातो असा आहे आणि तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. सरकारला सूचना दिली आहे का? राजीनाम्याची तोंडी मागणी मागे घेतल्याचं लेखी कळवा. कंपनीच्या करिअर पानावर किंवा नोकरी डॉट कॉमवर टेस्ट इंजिनिअरची जाहिरात सुरू असेल तर तिचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. छाटणीनंतर वर्षाच्या आत कंपनी तशी भरती करू लागली तर छाटणी झालेल्यांना प्राधान्य द्यावं लागतं. पत्र एकत्र, पण पैशांचा दावा ज्याचा त्यानं वेगळा लिहायचा. पाचातला एखादा मध्येच पॅकेज घेऊन गेला तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या घरी काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि बाकी चौघांचं पत्र त्यामुळे पडत नाही.

आठवडाभरात उत्तर आलं नाही किंवा सेवासमाप्तीचं पत्र आलं, तर स्पीड पोस्टनं पोचपावतीसह मागणीपत्र पाठवा आणि पुण्यातल्या वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज करा. यासाठी युनियन असावी लागत नाही; सेवासमाप्तीचा वाद एकट्या कामगारालाही नेता येतो. समेट अधिकाऱ्यापुढे कंपनीच्या प्रतिनिधीला यावं लागतं, आणि बऱ्याच तडजोडी याच टप्प्यावर होतात, कारण ज्येष्ठतेची यादी आणि सरकारला दिलेली सूचना दाखवायची वेळ इथे येते. संहितेनं या टप्प्याला 45 दिवस दिले आहेत. समेट फिसकटला तर अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात तक्रारीची मुदतही 90 दिवसांची आहे, म्हणून कामगार कायद्याचा वकील सेवासमाप्तीनंतर दोन-तीन आठवड्यांतच गाठा. पुण्यात 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशी प्रकरणं कामगार खात्याकडे नेते. अर्जाच्या मसुद्यासाठी तिची मदत मागता येईल.

व्हेरिफिकेशनची भीती खरी आहे, पण ती वापरली जाते त्याहून लहान आहे. छाटणी म्हणजे गैरवर्तन नव्हे, आणि पत्रात 'पद रद्द झाल्यामुळे' असं लिहून घेणं हीच तुमची मागणी असली पाहिजे. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून 'रोल गेला' हे उत्तर मुलाखत घेणाऱ्यांना नवं राहिलेलं नाही. रिलीव्हिंग आणि अनुभवाच्या पत्रात पद, कालावधी आणि 'सर्व देणी पूर्ण' एवढंच असावं. मसुदा सहीच्या आधी मागवा. पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख बरोबर पडली का, तेही पाहा. नव्या वेतन संहितेनुसार शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. 'एफ अँड एफला (शेवटच्या पूर्ण हिशेबाला) 45 दिवस लागतात' असं उत्तर आलं तर मेलनं या तरतुदीची आठवण करून द्या. पावतीवर 'यापुढे कोणताही दावा नाही' असं असेल आणि रक्कम कमी असेल, तर 'हक्क राखून' असं हातानं लिहूनच सही करा.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 48,000 चा हप्ता डोक्यावर असताना सात वर्षांचा खटला हा सल्ला होऊ शकत नाही. म्हणून 7,47,500 हा आकडा धरून ठेवा. कंपनी परस्परसंमतीच्या करारात ग्रॅच्युइटी आणि रजा वगळून याच्या जवळपास देत असेल, करात जाणारा भाग हिशेबात घेऊन, तर घ्या आणि बाहेर पडा; यात हार नाही. साडेसहा-सात लाखांवर अडलं तर पैशाऐवजी तारीख मागा: 90 दिवस कंपनीच्या पटावर राहून नोकरी शोधता येणं, 'सध्या नोकरीत' असं सांगता येणं, याचं मोल मोठं आहे. 3,90,000 वर मात्र सही करू नका. ज्यांची नोकरी वर्षाच्या आतली आहे किंवा ज्यांचं काम खरोखरच व्यवस्थापकाचं आहे, त्यांना छाटणीच्या भरपाईचा आधार नाही. त्यांनी नेमणूकपत्रातल्या नोटिशीवरच बोलणी करावीत.

सासूबाईंच्या विम्याचं काम मात्र या सगळ्याची वाट पाहत थांबवू नका. गटविमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तिथे आधीच्या आजारांसाठी काढलेल्या प्रतीक्षाकाळाची वर्षं धरली जातात, पण अर्ज गटविमा चालू असतानाच करायला हवा. एचआरकडून पॉलिसी क्रमांक, पहिल्यांदा नाव घातल्याची तारीख आणि आजवरच्या दाव्यांचा तपशील या आठवड्यातच मागून घ्या.